वाटाण्याएवढे औषध

गेल्या अंकात बँक खात्यातील नामनिर्देशनाविषयी लिहिले, त्यावर अनेक वाचकांचे दूरध्वनी आले. त्याच ओघात या वेळी लॉकरच्या नियमांविषयी लिहावे असा विचार होता. परंतु मधल्या काळात आमच्या घरी एक प्रकरण घडले, आणि त्यातील चूक माझी होती, म्हणून ते आधी सांगणे मला माझे कर्तव्य वाटते. विषय आहे मुरुमांचा. साठी ओलांडलेल्या, एम.कॉम. झालेल्या निवृत्त बँक अधिकाऱ्याने तारुण्यपीटिकांवर लेखणी चालवावी, हे काहींना विनोदी वाटेल. वाटो.

माझी नात बारावीत होती. गेल्या वर्षाच्या आरंभापासून तिच्या कपाळावर, गालांवर आणि हनुवटीवर मुरुमे येऊ लागली. या वयात हे व्हायचेच, असे म्हणून आम्ही मोठ्यांनी ते हसण्यावारी नेले. तिला मात्र ते हसण्याजोगे नव्हते. स्कूटीवर जाताना बांधलेला स्कार्फ ती महाविद्यालयाच्या आवारातही सोडेनाशी झाली. घरातल्या छायाचित्रांत ती कोणाच्या तरी मागे उभी राहू लागली. सकाळी माझ्याबरोबर मंदिरात येणारी मुलगी, ‘आजोबा, अभ्यास आहे’ म्हणून घरी थांबू लागली. दसलक्षण पर्वातील सांस्कृतिक कार्यक्रमाचे निवेदन तिच्याकडे होते, दोन दिवस आधी तिने निरोप पाठवला, “माझ्याऐवजी दुसऱ्या कोणाला तरी सांगा.” तेव्हा कुठे माझे डोळे उघडले.

घरात उपाय सुचवणाऱ्यांची कमतरता कधीच नसते. आजीने तळलेले पदार्थ बंद केले, शेजारच्या वहिनींनी मुलतानी माती दिली, एका आत्याने दंतमंजनाची पेस्ट लावायला सांगितली आणि एकीने लिंबाचा रस. लिंबाच्या रसाने तिचा गाल भाजल्यासारखा झाला. मग मी पुढे सरसावलो. कोपऱ्यावरचा औषध दुकानदार वर्षानुवर्षांच्या ओळखीचा. त्याला म्हटले, “मुलीच्या चेहऱ्याला लावायला काहीतरी चांगले दे.” त्याने एक लहानशी ट्यूब काढून दिली. स्वस्त होती. चिठ्ठी त्याने मागितली नाही आणि ती लागते का, हे मी विचारले नाही.

चौथ्या दिवशी लाली उतरली. दहाव्या दिवशी चेहरा असा तुकतुकीत झाला की सूनबाईंनी माझे कौतुक केले. मी मोठ्या अभिमानाने दुसरी ट्यूब आणली, मग तिसरी. दोन-अडीच महिने असे गेले. त्यानंतर मात्र एखाद्या रात्री मलम लावायचे राहिले की दुसऱ्या दिवशी चेहऱ्याची आग होऊ लागली. गालांवर बारीक, एकसारख्या लाल पुळ्या उठल्या, लव वाढली आणि नाकाच्या बाजूला लाल धाग्यांसारख्या रक्तवाहिन्या दिसू लागल्या. आरशासमोर उभी राहून ती रडत होती. शेवटी सूनबाई आणि मी तिला घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो.

डॉक्टर मॅडमनी ट्यूब हातात घेतली, फिरवली आणि बारीक अक्षरांतील एका शब्दाखाली बोट ठेवले. ते एक तीव्र स्टेरॉइड होते. “हे कोणी दिले?” त्यांनी विचारले. नातीने मान खाली घातली. मी म्हणालो, “मी.”

बँकेतील सगळ्या नोकरीत मी समोरच्या खातेदाराला एकच वाक्य हजारो वेळा ऐकवले असेल, ‘वाचल्याशिवाय सही करू नका.’ त्या ट्यूबवर डाव्या कडेला लाल उभी रेघ होती आणि केवळ डॉक्टरांच्या चिठ्ठीवर विकण्याचे औषध, असा चौकटीत इशाराही होता. तीन ट्यूब संपेपर्यंत मी तो वाचला नव्हता. अशा 14 स्टेरॉइडयुक्त मलमांची चिठ्ठीविना विक्री होऊ नये म्हणून केंद्र शासनाने 2018 साली नियमात दुरुस्तीही केलेली आहे. दुकानदाराने चिठ्ठी मागायला हवी होती, हे खरेच. परंतु मागणी माझी होती, त्यामुळे त्याच्याकडे बोट दाखवून मी मोकळा होऊ शकत नाही.

स्टेरॉइड हे काही विष नव्हे. योग्य आजारात, योग्य जागी, ठरावीक दिवसांपुरते ते उत्तम काम करते. पण मुरुमांवर ते केवळ सूज आणि लाली दाबते. मूळ कारणाला हातही लावत नाही. चेहऱ्याची त्वचा नाजूक. तिथे ते दिवसेंदिवस लावले तर ती पातळ होते, त्या मलमानेच नव्या पुळ्या येतात, आणि थांबवले की दबलेले सारे उफाळून वर येते. मग माणूस घाबरून पुन्हा तेच लावतो. डॉक्टर मॅडम सांगत होत्या आणि मला व्याज फेडण्यासाठी नवे कर्ज काढणारे माझे जुने खातेदार आठवत होते.

त्यांनी लगेच मुरुमांचे औषध दिले नाही, याचे आम्हांला आश्चर्य वाटले. आधी ते मलम बंद; सौम्य फेसवॉश, साधे मॉइश्चरायझर आणि दिवसा सनस्क्रीन, एवढेच. “लाली आधी वाढेल. कदाचित काही आठवडे वाढलेली दिसेल. घाबरून पुन्हा ती ट्यूब उघडायची नाही,” असे त्यांनी नातीला बजावले. सूनबाईंना बाजूला घेऊन मासिक पाळीच्या नियमितपणाविषयी विचारले, कारण पाळी अनियमित असेल आणि चेहऱ्यावर दाट केस येत असतील तर मुरुमांमागे संप्रेरकांचा बिघाड असू शकतो आणि त्याचा तपास वेगळा करावा लागतो. तसे काही नव्हते. चेहऱ्यावरची लव मलमाची होती. त्या महिनाभरात आमची नात घराबाहेर जवळजवळ पडलीच नाही. त्या दिवसांविषयी मी अधिक लिहीत नाही.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात खरे औषध सुरू झाले. ॲडापलीन 0.1 टक्का आणि बेंझॉइल परॉक्साइड 2.5 टक्के यांचे एकत्रित जेल. या वेळी मी आतली घडीची पत्रिका चष्मा लावून, पेन्सिलीने खुणा करीत वाचली आणि जे कळले नाही ते डॉक्टरांना विचारले.

आपल्या त्वचेवर केसांची असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांना जोडलेल्या ग्रंथींतून तेलकट स्राव येतो. किशोरवयात तो वाढतो. छिद्राच्या आतल्या मृत पेशी एकमेकींना चिकटून तोंडाशी बूच बसते, आत तेल साचते, त्यात जिवाणू वाढतात आणि सूज येते. तेच आपल्याला दिसणारे मुरूम. मात्र ते डोळ्यांना दिसण्यापूर्वी कित्येक आठवडे त्या बुचाची सुरुवात झालेली असते. ॲडापलीन हे ‘अ’ जीवनसत्त्वाच्या कुळाशी नाते सांगणाऱ्या औषधांपैकी एक. ते बूच बसू देत नाही. बेंझॉइल परॉक्साइड जिवाणूंचा नाश करते, आणि प्रतिजैविकांना जिवाणू जसे सरावतात तसे ते याला सरावत नाहीत, हा त्याचा मोठा गुण.

आता यातून एक गोष्ट निघते, जी आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हती. हे जेल आलेल्या मुरुमावर टिंब ठेवल्यासारखे लावायचे नसते. जिथे मुरुमे येतात तो सगळा भाग, म्हणजे कपाळ, दोन्ही गाल, हनुवटी, यांवर पातळ थर द्यायचा असतो. कारण उद्याचे मुरूम आज ज्या छिद्रात तयार होत आहे ते कोणते, हे आपल्याला दिसत नाही. आणि एवढ्या सगळ्या भागासाठी प्रमाण किती? वाटाण्याच्या एका दाण्याएवढे. नातीचा विश्वास बसेना. डॉक्टरांनी तिच्याच बोटावर तेवढे जेल काढून दाखवले. त्याचे लहान लहान ठिपके करून ते अलगद पसरायचे. डोळ्यांच्या भोवती, ओठांवर, नाकपुड्यांच्या कडांना आणि जिथे कातडी फाटली किंवा खरचटली असेल तिथे लावायचे नाही. चोळायचे तर मुळीच नाही.

रात्रीचा क्रम असा ठरला: कोमट पाण्याने आणि सौम्य फेसवॉशने चेहरा धुवायचा, टॉवेलने टिपायचा, पंधरा-वीस मिनिटे पूर्ण कोरडा होऊ द्यायचा. ओल्या त्वचेवर हे औषध अधिक झोंबते. मग जेल, आणि थोड्या वेळाने मॉइश्चरायझर. तेलकट चेहऱ्याला मॉइश्चरायझर कशाला, असे आजीने विचारले. या औषधाने त्वचा कोरडी पडते, आणि कोरडी पडून सोलली की माणूस औषधच सोडून देतो, हे त्याचे उत्तर. फक्त ते छिद्रे न बुजवणाऱ्या प्रकारचे असावे. वेष्टनावर तसे लिहिलेले असते. सकाळी सनस्क्रीन, निदान एसपीएफ 30 चे, कारण या औषधाने त्वचा उन्हाला हळवी होते. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. मुरूम बरे झाले तरी त्याचा काळसर डाग महिनोन्‌महिने राहतो, आणि नुसत्या जळजळीनेही तसे डाग पडू शकतात. उन्हाने ते गडद होतात. म्हणून ‘झोंबले म्हणजे लागू पडले’ ही आपल्याकडची समजूत इथे उलटी ठरते.

पहिले काही दिवस एका रात्रीआड लावायचे आणि त्वचा सरावली की रोज, अशी स्पष्ट सूचना होती. आमच्या नातीने ती दोन आठवडे पाळली. मग बारावीच्या निरोप समारंभाची तारीख कळली. त्यापूर्वी चेहरा स्वच्छ व्हावा म्हणून तिने कोणाला न सांगता सकाळ-संध्याकाळ जेल लावायला सुरुवात केली, तेही वाटाण्याएवढे नव्हे, चांगले बोटभर. चौथ्या दिवशी हनुवटीची त्वचा सोलून निघाली. “आजोबा, हेही त्याच ट्यूबसारखंच आहे,” ती म्हणाली. खरे सांगतो, मलाही क्षणभर तसेच वाटले. एकदा हात पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो.

डॉक्टरांना दूरध्वनी केला. त्या रागावल्या नाहीत. तीन-चार दिवस जेल बंद, भरपूर मॉइश्चरायझर, आणि लाली ओसरल्यावर पुन्हा एका रात्रीआड, तेवढेच वाटाण्याएवढे. पहिल्या दोन ते चार आठवड्यांत थोडी लाली, कोरडेपणा, कोंडा निघाल्यासारखे होणे, एवढेच काय, मुरुमे थोडी वाढल्यासारखी वाटणे हेही अपेक्षित असते. दुप्पट लावल्याने फळ दुप्पट लवकर मिळत नाही. त्रास मात्र दुप्पट होतो. दिसण्याजोगा फरक पडायला आठ ते बारा आठवडे लागतात. “बारा?” नातीने विचारले. समारंभाला नऊ दिवस होते.

ती समारंभाला गेली. स्कार्फ बांधून गेली आणि तिथे सोडला की नाही, हे मी विचारले नाही.

जिथे त्रास साधा नसतो ती लक्षणेही सांगून ठेवतो. घसा आवळल्यासारखा वाटणे, श्वास लागणे, डोळे-ओठ-चेहरा सुजणे किंवा चक्कर येणे, असे झाले तर ते कोरडेपणाचे लक्षण नव्हे. बेंझॉइल परॉक्साइड असलेल्या औषधांनी क्वचित गंभीर ॲलर्जी होते. औषध तत्काळ थांबवून रुग्णालय गाठावे. म्हणूनच पहिले तीन दिवस हे जेल चेहऱ्याच्या एखाद्या लहानशा भागावर लावून पाहिलेले बरे, आणि ते आम्ही केले होते.

टॉवेलची हकीकत राहिली. फेब्रुवारीत एके दिवशी आजीचा गडद निळा टॉवेल जागोजागी पांढरा पडलेला दिसला. संशय आधी धुण्याच्या पावडरीवर गेला, मग कपडे धुणाऱ्या बाईंवर. बाई म्हणाल्या, “मी कशाला तुमच्या टॉवेलाचा रंग काढू?” दोन दिवस घरात अबोला. त्यानंतर उशीचा अभ्राही तसाच निघाला, तेव्हा मी पत्रिका पुन्हा उघडली. बेंझॉइल परॉक्साइड कापडाचा आणि केसांचाही रंग उडवते, असे त्यात स्वच्छ लिहिले होते आणि माझी पेन्सिलीची खूणही तिथे होती! बाईंची क्षमा मागितली. नातीसाठी पांढरा टॉवेल आणि पांढरा अभ्रा आणला. जेल लावल्यावर हात धुवायचे, हा नियम तेव्हापासून पक्का झाला.

आमच्या महिला वाचकांसाठी दोन सूचना विशेष. हे जेल चालू असताना त्या भागावर वॅक्सिंग करू नये. त्वचा वरून सोलून निघण्याचा धोका असतो. ब्यूटी पार्लरमध्ये ब्लीच किंवा फेशियल करण्यापूर्वीही डॉक्टरांना विचारावे. दुसरी सूचना अधिक महत्त्वाची. गर्भवती असलेल्या अथवा गर्भधारणेचा विचार करणाऱ्या स्त्रीने या कुळातील औषध डॉक्टरांना तसे सांगितल्याशिवाय वापरू नये. लग्न ठरलेल्या मुलींना घरचे ‘चेहरा उजळवायला’ म्हणून ट्यूब आणून देतात आणि लग्नानंतर ती तशीच चालू राहते. तेव्हा हे ध्यानात असू द्या. याच कुळातील पोटात घ्यायच्या गोळ्या तर गर्भाला अत्यंत घातक असतात.

एका घरातील दोघांची मुरुमे सारखी दिसली तरी औषध सारखे असेलच असे नाही. कोणाला क्लिंडामायसिन हे प्रतिजैविक जेल देतात; ते एकटेच दीर्घकाळ वापरले तर जिवाणू त्याला दाद देईनासे होतात, म्हणून ते सहसा बेंझॉइल परॉक्साइडच्या जोडीने असते. कोणाला ट्रेटिनॉइन देतात. ते ॲडापलीनचे थोरले भावंड, पण ते उजेडाने निकामी होते आणि बेंझॉइल परॉक्साइडशीही त्याचे सहसा जमत नाही, त्यामुळे ती दोन एकाच वेळी लावत नाहीत. हे सर्व लक्षात ठेवण्याची वाचकांना गरज नाही. दुसऱ्याची ट्यूब मागून लावू नये, हे कळले तरी पुरे. ट्यूब थंड, कोरड्या जागी ठेवावी, खिडकीत किंवा मोटारीच्या खणात नको. सांगलीच्या एप्रिलमध्ये तर नकोच.

खाण्यापिण्याचे काय, हा प्रश्न आजीचा. तळलेल्या पदार्थांवर तिचा राग आहे. डॉक्टरांनी बोट ठेवले ते अधिक साखरेच्या आणि मैद्याच्या पदार्थांवर. दुधाचाही काहींना त्रास होतो आणि व्यायामशाळेत जाणाऱ्या मुलांना प्रथिनांच्या व्हे पावडरीचा. पण पथ्याने औषधाचे काम होत नाही. केसांना थापलेले तेल कपाळावर ओघळते, त्यानेही छिद्रे बुजतात. आजीने रविवारची चंपी कपाळापासून दोन बोटे मागे सरकवली. स्कार्फही घट्ट बांधून घाम साचू दिला तर मुरुमांना पोषकच. सैल, सुती आणि रोज धुतलेला असावा, असे ठरले.

मी एक कामाची गोष्ट केली. दर पंधरवड्याला रविवारी सकाळी, त्याच खिडकीपाशी, त्याच उजेडात नातीचे छायाचित्र काढायचे आणि दिनदर्शिकेवर तारखेला खूण करायची. आरसा रोज पाहणाऱ्याला बदल दिसत नाही. आठव्या आठवड्यात ती म्हणाली, “काहीच फरक नाही. सोडते आता.” तेव्हा मी पहिले आणि पाचवे छायाचित्र शेजारी शेजारी ठेवले. ती बराच वेळ पाहत राहिली. नवी मुरुमे निम्म्याहून कमी झाली होती. जे उरले होते ते बहुतांशी डाग होते. त्या रात्री तिने स्वतःहून जेल लावले.

आता बारा आठवडे उलटून गेले आहेत. चेहरा आरशासारखा झालेला नाही. पाळीच्या आधी हनुवटीवर एखाद-दुसरे मुरूम येतेच. मुरुमे आटोक्यात आली तरी औषध एकदम थांबवायचे नाही, आणखी काही महिने चालू ठेवून मग काय करायचे ते डॉक्टर सांगतील. डाग फिकट व्हायला वेळ लागेल. गालावरच्या दोन लाल रेघा, माझ्या तीन ट्यूबांच्या, अजून आहेत. त्या जातील का, असे मी डॉक्टर मॅडमना एकट्याने विचारले होते. “बऱ्याच कमी होतील,” असे त्या म्हणाल्या.

गेल्या आठवड्यात धाकटा नातू, नववीतला, ताईच्या कपाटातून ती ट्यूब शोधत होता. त्याच्या कपाळावर चार पुळ्या आल्या आहेत. ट्यूब त्याच्या हातातून काढून घेतली आणि डॉक्टरांकडे शुक्रवारी साडेपाचची वेळ ठरवली. नात म्हणाली, मीही येते. लॉकरविषयी पुढच्या अंकात लिहीन.